सामाजिक गुंतवणूक आणि सामुदायिक कर्मशाळा : वऱ्हाडच्या अनुभवाचे परीक्षण

दान, वर्गणी, भांडवल आणि अनुदान हे चार शब्द मराठीत चांगले रुळलेले असून त्यांचे अर्थही परस्परांपासून पुरेसे वेगळे आहेत. दान देणारा परतफेडीची अपेक्षा ठेवीत नाही. वर्गणी देणारा त्या कार्याचा स्वतःच एक भागीदार असतो. भांडवल घालणारा नफ्यावर हक्क सांगतो. आणि अनुदान देणारे सरकार अटी घालते. अलीकडच्या काळात ‘सामाजिक गुंतवणूक’ ही पाचवी संज्ञा या पंक्तीस येऊन बसली आहे. समाजोपयोगी कार्यात पैसा घालावा, त्यातून मोजता येईल असे सामाजिक फल मिळावे आणि शक्य तर मुद्दलही परत यावे, असा तिचा आशय सांगितला जातो. या संज्ञेला आता कायद्याचाही आधार मिळाला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने विशिष्ट आकाराच्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. तिच्या क्षेत्रांत कला, संस्कृती, सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक हस्तव्यवसाय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात सामाजिक शेअरबाजाराची कल्पना मांडली गेली आणि २०२२ मध्ये ‘सेबी’ने त्याचे नियम केले. या बाजारात विकल्या जाणाऱ्या एका रोख्यावर व्याजही नाही आणि मुद्दलही परत मिळावयाचे नाही. म्हणजे फिरून फिरून गाडी दानापाशीच आली, असे कोणी म्हटल्यास त्याला चटकन उत्तर देता येणार नाही.

या संज्ञेची परीक्षा ज्या एका क्षेत्रात विशेष कठोरपणे होते ते क्षेत्र म्हणजे सामुदायिक कर्मशाळा. आज ‘कार्यशाळा’ म्हटले की दोन दिवसांचे व्याख्यानसत्र, चहा आणि प्रमाणपत्र एवढाच बोध होतो. म्हणून येथे ‘कर्मशाळा’ हा शब्द पत्करला आहे. अनेकांनी एकत्र येऊन हाताने, गळ्याने किंवा अंगाने काही निर्माण करावे यासाठी जे छप्पर, जी हत्यारे आणि जो निवांत वेळ लागतो, तो जेथे मिळतो ती कर्मशाळा. मागांची ओसरी, नाटकाच्या तालमीची खोली, भजनी मंडळाचे देऊळ, बांबूकामाचे आवार ही सारी तिची रूपे होत. अशा स्थानात घातलेला पैसा कोणते फल देतो आणि ते कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या अनुभवाच्या आधारे तपासून पाहण्यासारखा आहे. वऱ्हाडात सार्वजनिक पैशाची परंपरा मोठी असून तिच्या गुणदोषांचा हिशेब अद्याप नीट मांडला गेलेला नाही.

वऱ्हाडातील सार्वजनिक पैशाचे मूळ कापसात आहे. १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्यबाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. या बाजारांत शेतकऱ्याच्या पट्टीतून ज्या निरनिराळ्या कपाती होत, त्यांत ‘धर्मादाय’ नावाची एक कपात असे. गोरक्षण, पाणपोई, शाळा, देऊळ अशा कार्यांसाठी ती घेतली जाई. येथे एक गोष्ट सहसा नजरेआड केली जाते. पैसा जात असे तो कापूस विकणाऱ्या कुणब्याच्या पट्टीतून. पुण्य मात्र नोंदले जाई ते अडत्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या नावावर. कपातीचा दर ठरविण्यात किंवा तिचा विनियोग कोठे व्हावा हे सांगण्यात शेतकऱ्याला स्थान नव्हते. आधुनिक परिभाषेत सांगावयाचे तर गुंतवणूकदार एक आणि भागधारक दुसराच, अशी ही व्यवस्था होती. व्यापाऱ्यांच्या दानशूरतेला कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळी इतक्या नियमितपणे गोळा होणारा दुसरा सार्वजनिक निधी वऱ्हाडात क्वचितच असेल. तथापि, ज्याचा पैसा त्याचा अधिकार हे तत्त्व येथे आरंभापासूनच सैल राहिले.

याचा परिणाम असा झाला की वऱ्हाडात सार्वजनिक पैसा प्रसंगासाठी सहज उभा राहतो आणि रोजच्या कामासाठी अडतो. १९१२ मध्ये हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यास साहित्यसंमेलन भरले. १९८१ मध्ये तेथेच गो. नी. दांडेकर आणि १९८९ मध्ये अमरावतीस के. ज. पुरोहित अध्यक्ष झाले. तिन्ही वेळी या शहरांनी संमेलनाचा भार उचलला. १९२३ मध्ये अमरावतीत जन्मलेला विदर्भ साहित्य संघ मात्र पुढे नागपुरास स्थिरावला. त्याला राजकीय व शैक्षणिक कारणे असतील. परंतु संस्थेला दररोज दार उघडावयाचे असते, दिवा लावावयाचा असतो, कारकुनाचा पगार द्यावयाचा असतो, आणि हा खर्च मांडवाच्या खर्चाइतका दृष्टीस पडत नाही, हेही तितकेच खरे.

अकोल्याच्या कावडयात्रेचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आणून राजराजेश्वराला जलाभिषेक करण्याची ही परंपरा. मोठमोठ्या कावडी आणि पालख्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतील मंडळे सजवितात; शेकडो भरण्यांची कावड खांद्यावरून वाहून आणावयाची म्हणजे तिचा आराखडा, तोल, बांधणी, सजावट आणि वाद्यांची तालीम हे सर्व आधी सिद्ध झालेले असावे लागते. मिरवणुकीचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. तिच्या आधीच्या आठवड्यांचे वर्णन कोणी करीत नाही. त्या आठवड्यांत चौक, ओटा आणि कोणाचा तरी वाडा ही कर्मशाळा होते. सुतार, रंगारी, वाजंत्री, विद्युत्कामगार आणि शाळकरी मुले एकाच कामावर एकत्र येतात. हिचा निधी म्हणजे वर्गणी. वर्गणी देणारा संध्याकाळी येऊन काम कुठवर आले ते पाहतो, चूक काढतो, कधी स्वतः हात लावतो. येथे फलाचे मोजमाप करण्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज भासत नाही, कारण पैसा देणारा आणि फल भोगणारा एकच आहे. उणीव एवढीच की श्रावण संपला की ही कर्मशाळाही विसर्जित होते. जी कुशलता तेथे जमा झाली तिला वर्षाचे उरलेले महिने कोणतेही छप्पर नसते.

‘सामुदायिक’ या विशेषणाचीही येथे छाननी होणे आवश्यक आहे. समुदाय म्हणजे कोण, हा प्रश्न अमरावतीने १९२७ मध्येच अत्यंत तीव्र स्वरूपात अनुभवला आहे. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली ती इंद्रभुवन नाट्यगृहात. सार्वजनिक म्हणवणारे देऊळ ज्यांना बंद होते त्यांना तिकिटावर चालणाऱ्या नाटकघराने जागा दिली, या घटनेतील विरोध विचार करण्याजोगा आहे. लोकांच्या पैशाने उभारलेली वास्तू आपोआप लोकांची होत नाही. संत गाडगेबाबांना हे मर्म पुरते उमगले होते. लोकवर्गणीतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पण त्यांवर स्वतःचा हक्क ठेवला नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वास्तू बांधण्याइतकेच ती कोणाच्या हाती द्यावयाची हे ठरविणे महत्त्वाचे, असा या कृतीचा अर्थ करता येतो.

या प्रश्नाला वैचारिक बैठक देणारा ग्रंथही याच भूमीतला आहे. मोझरी येथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन करणाऱ्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांकडे बहुधा भक्तिपर किंवा ग्रामसुधारणापर वाङ्मय म्हणून पाहिले जाते आणि अभ्यासकही ओव्यांच्या साधेपणावर दोन शब्द लिहून थांबतात. तिच्यात अर्थविचार आहे, याकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. ‘गरीबी-श्रीमंती’, ‘श्रमसंपत्ती’ आणि ‘देवमंदिर’ हे अध्याय एकत्र वाचले असता त्यांतून एक सुसंगत भूमिका निघते. श्रम हीच मूळ संपत्ती होय, म्हणून जो श्रम देतो तो गावाच्या कार्यात दाता ठरतो. आणि देऊळ हे केवळ पूजेचे ठिकाण नसून गावाच्या शिक्षणाचे व संस्काराचे स्थान असावे. पहिल्या विधानाने गुंतवणुकीची व्याख्या पैशापलीकडे जाते, तर दुसऱ्याने कर्मशाळेसाठी नवी वास्तू शोधण्याची गरज बऱ्याच अंशी उरत नाही. खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना यांच्या आधारे गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या, त्या याच दोन विधानांच्या बळावर. त्यांना लागणारे छप्पर गावात आधीच होते.

तथापि, या भूमिकेला एक मर्यादा आहे. श्रमाला संपत्ती मानल्यावर तिची नोंद कोठे करावयाची, हा प्रश्न उपदेशपर ग्रंथ सोडवू शकत नाही आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. परंतु संस्थांनी तरी तो सोडवावयास हवा होता. सार्वजनिक न्यासांचे हिशेब १९५० च्या कायद्यानुसार ठेवले जातात; त्यांत देणगीची पावती असते, वास्तूची किंमत असते, पण गावाने महिनाभर घातलेल्या श्रमदानाचा रकाना नसतो. ज्याची नोंद नाही त्याचा हक्कही पुढे सांगता येत नाही. सभागृहाच्या दारावर दात्याच्या नावाचा संगमरवरी दगड लागतो. ज्यांनी पाया खणला त्यांची नातवंडे पुढे त्याच सभागृहाचे भाडे भरतात. हा दोष एखाद्या संस्थेचा नव्हे; हिशेबाच्या पद्धतीचाच आहे.

अमरावतीच्या तपोवनाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. डॉ. शिवाजीराव, म्हणजेच दाजीसाहेब, पटवर्धन यांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या द्वारे ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली. कायदा तेव्हा रोग्याला समाजापासून वेगळे काढणारा होता. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, यावरून त्याचे आयुष्य किती दीर्घ होते याची कल्पना यावी. तपोवनात औषधोपचाराबरोबर हातमाग, सुतारकाम असे उद्योग उभे राहिले. ते ‘उद्योगोपचार’ म्हणून, मन रमविण्यासाठी नव्हते. वसाहतीने शक्य तेवढे आपल्या श्रमावर जगावे हा त्यांमागील आग्रह होता. येथे गुंतवणुकीचे सामान्य गणित साफ उलटे होते. रोग्याने विणलेले कापड घरात घ्यावयास समाज कचरत असे. म्हणजे माल चांगला निघाला तरी त्याला बाजार नव्हता. अशा वेळी केवळ परताव्याचा विचार करणारा कोणीही पैसा घातला नसता. बधिर बोटांना माग चालविता येतो हे प्रथम त्या माणसाला आणि नंतर गावाला पटणे, हेच तेथील पहिले उत्पादन होते, आणि त्याची विक्री होत नसते.

तरीही तपोवनाकडे केवळ करुणेच्या दृष्टीने पाहणे अन्यायाचे होईल. त्याचे खरे वैशिष्ट्य असे की तेथे राहणारा आणि काम करणारा एकच होता. त्याला संध्याकाळी किल्ली परत करावी लागत नव्हती. कर्मशाळा आणि निवारा यांची ही सांगड दुसरीकडे जमणे कठीण, कारण ती एका सामाजिक बहिष्कारातून निर्माण झाली होती. पण जागेवरील निश्चित हक्क हा कारागिराच्या कौशल्याला किती पोषक ठरतो, याचा पडताळा मात्र तेथे मिळतो.

याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, धारणी तालुक्यातील लवादा येथे, सुनील व निरुपमा देशपांडे यांनी १९९० नंतरच्या दशकात उभारलेले संपूर्ण बांबू केंद्र हे सांप्रतच्या विषयाच्या सर्वांत जवळचे उदाहरण होय. कोरकूंसह मेळघाटातील स्त्रीपुरुषांना बांबूकामाचे शिक्षण देणे, घरबांधणीपासून राखीपर्यंत नाना वस्तू करविणे आणि त्यांना बाहेरची बाजारपेठ मिळवून देणे असे त्याचे कार्य. सुनील देशपांडे यांचे २०२१ मध्ये निधन झाले. बांबूसारख्या हलक्या समजल्या गेलेल्या कामाला आणि ते करणाऱ्या माणसाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय या दांपत्याकडे निःसंशय जाते.

परंतु या कर्मशाळेच्या मार्गातील खरी अडचण छपराची किंवा हत्यारांची नव्हती. ती कच्च्या मालाची होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबूची गणना वृक्षांत होत होती. सुती कापडाच्या विणकराला सूत विकत घेता येते. बांबूच्या कारागिराला मात्र डोळ्यांसमोर उभे असलेले बेट तोडण्यासाठी परवाना हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले, आणि २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला. मेळघाटचा मोठा भाग १९७३ च्या व्याघ्रप्रकल्प योजनेत आरंभापासूनच समाविष्ट असल्याने तेथे निर्बंध अधिक कडक आहेत, हे निराळे सांगावयास नको. सामाजिक गुंतवणुकीच्या आराखड्यात इमारत, यंत्रे, प्रशिक्षण आणि विक्री असे रकाने असतात. मालावरील हक्क हा रकाना बहुधा नसतो. वस्तुतः या क्षेत्रात संसदेने केलेल्या व्याख्येतील एका शब्दाच्या बदलाने जे साधले, ते कितीही मोठ्या देणगीने साधले नसते. जंगलावरील हक्क मिळवून देण्यासाठी जी माणसे कागदपत्रे घेऊन वर्षानुवर्षे कचेऱ्यांत खेटे घालतात, त्यांचा प्रवासखर्च हीच बांबूच्या कर्मशाळेतील पहिली गुंतवणूक मानावयास हवी. विनोद म्हणून हे लिहिलेले नाही.

भांडवलाच्या अंगाने पाहता, दुर्गम भागातील अशा प्रयोगांना इंग्लंडमधील एका जुन्या घटनेशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. सी. आर. अ‍ॅश्बी यांनी १८८८ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत कारागिरांचा एक संघ स्थापन केला आणि १९०२ मध्ये तो चिपिंग कॅम्पडन या खेड्यात हलविला. संघ मर्यादित कंपनीच्या स्वरूपात भागभांडवलावर चालत असे. लंडनमध्ये मागणी घटली की कारागीर काही काळ दुसरीकडे काम करू शकत. खेड्यात तशी सोय नव्हती, त्यामुळे मंदीतही माणसे पोसावी लागली, माल साठत गेला आणि १९०८ च्या सुमारास कंपनी विसर्जित झाली. भागधारकांच्या दृष्टीने गुंतवणूक बुडाली. परंतु काही कारागीर तेथेच राहिले, आणि त्यांपैकी हार्ट घराण्याचे चांदीकाम त्याच जुन्या रेशीमगिरणीच्या इमारतीत आजही चालू आहे. कंपनीचा ताळेबंद आणि कर्मशाळेचा ताळेबंद हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत. पहिला बंद झाल्यावरही दुसरा चालू राहू शकतो. तीन वा पाच वर्षांत फल मोजावयास निघालेल्या पद्धतीला हा दुसरा ताळेबंद वाचताच येत नाही.

याउलट अशी शंका घेता येईल की शिस्तबद्ध संस्था, मोजता येणारे फल आणि प्रमाणपत्र यांवाचून कोणतीही कर्मशाळा टिकत नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा या शंकेचा सबळ आधार आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या आखाड्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले, आणि पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये चालविली. मल्लखांब तेथे जिवंत राहिला याचे एक कारण त्याला अभ्यासक्रमात स्थान मिळाले हे होय. ही शंका फेटाळून लावता येणार नाही. मात्र तिचा आवाका ओळखला पाहिजे. शारीरिक शिक्षणाला शिक्षकाची नोकरी हे ठरलेले फल होते. कावड बांधणाऱ्याला, दंडार उभी करणाऱ्याला किंवा बांबू सोलणाऱ्याला तशी नोकरी देणारे खाते नाही. प्रमाणपत्राने त्यांना जे मिळेल ते थोडे, आणि प्रमाणपत्र मिळविण्यासाठी जे सोडावे लागेल ते पुष्कळ.

आता नव्या साधनांकडे पुन्हा वळता, त्यांची वऱ्हाडातील उपयुक्तता मर्यादित का आहे हे स्पष्ट होते. कंपन्यांच्या निधीबाबत कायदा स्थानिक परिसराला प्राधान्य देण्यास सांगतो; साहजिकच जेथे मोठे कारखाने तेथे पैसा अधिक, आणि अमरावती-अकोल्यासारख्या कृषिप्रधान जिल्ह्यांच्या वाट्यास उरेल ते. सामाजिक शेअरबाजारातील बिनव्याजी, बिनमुद्दली रोख्यासाठी किमान उभारणीची मर्यादा प्रथम १ कोटी रुपये होती. ती २०२३ च्या अखेरीस ५० लाखांवर आणली गेली. ही सवलत स्वागतार्ह आहे. तरी नोंदणी, लेखापरीक्षण आणि दरवर्षीचा परिणामअहवाल यांचा व्याप सांभाळू शकणारी संस्था ही कर्मशाळा राहत नाही. ती कचेरी होते. मोहल्ल्यातील कावड-मंडळाला किंवा दहाबारा बांबू-कारागिरांच्या गटाला या बाजाराच्या पायरीवर उभे राहणेही शक्य नाही.

लवादासारख्या ठिकाणी बांबूची राखी विकली जाते श्रावणात. तिचे काम मात्र वैशाख-ज्येष्ठात उरकावे लागते. त्याच दिवसांत घरात धान्य संपत आलेले असते आणि बाहेर रोजंदारी मिळत असते. कारागीर राखीला बसावयाचा असेल तर त्याच्या हाती आठवड्याच्या आठवड्याला मजुरी पडली पाहिजे, आणि विक्रीचा पैसा तर पौर्णिमेनंतरच येणार. मधल्या या तीन-चार महिन्यांपुरता फिरता पैसा पुरवणे आणि भाद्रपदात तो परत घेणे, हे काम करावयास पतपेढी तारण मागते आणि दाता इमारतीवर नाव मागतो. ही रक्कम ५० लाखांहून पुष्कळच कमी असते.